यंत्रासोबत कंपायलरचाही हिशेब मागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सीसीटीव्ही कॅमेरे, राउटर आणि कारखान्यांतील नियंत्रण-यंत्रे यांच्या सुरक्षिततेविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, पण ती चर्चा बहुधा पासवर्ड आणि उपकरण कोणत्या देशातून आले, इथपर्यंत येऊन थांबते. त्या उपकरणातले प्रोग्राम ज्या कंपायलरने (लिहिलेली संहिता यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाने) तयार झाले तो किती जुना आहे आणि पाच वर्षांनी तो पुन्हा मिळेल की नाही, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणीच विचारत नाही. एम्बेडेड लिनक्सच्या, म्हणजे अशा उपकरणांच्या आत चालणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या, कामात अनेक वर्षे काढलेला भोसरीतील एक अभियंता म्हणून त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चिप बनवणारी कंपनी बोर्डासोबत एक तयार टूलचेन, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या साधनांचा संच, देते. तिच्यात कंपायलर आणि प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर असतातच, पण सी भाषेची मूलभूत लायब्ररीही (सगळे प्रोग्राम वापरतात त्या तयार संहितेचा संग्रह) असते. टूलचेन म्हणजे कार्यशाळेतला पाना-पेचकस, काम झाले की तो इथेच राहतो, असा समज आमच्या व्यवसायातही आढळतो आणि घोळ तिथेच होतो, कारण ती लायब्ररी उपकरणात उतरते आणि त्याच्या आयुष्यभर तिथेच राहते. जानेवारी २०१५मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतला ‘घोस्ट’ नावाने गाजलेला दोष जाहीर झाला. मूळ संहितेत तो २०१३ सालीच, २.१८ या आवृत्तीपूर्वी दुरुस्त झाला होता, मात्र तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ज्यांची टूलचेन त्याआधीच्या आवृत्तीवर गोठलेली होती, त्यांनी स्वतःचा प्रोग्राम कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी उपकरणात जुनीच लायब्ररी जात राहिली. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

आमचाच अनुभव सांगतो. विजेच्या मीटरांची नोंद गोळा करणारा, छोटा पडदा असलेला एक गेटवे आम्ही ३२-बिट आर्म चिपवर बनवला. काही वर्षांनी ग्राहकाने लायब्ररी अद्ययावत करून मागितली, तेव्हा चिप कंपनीने ते उत्पादन बंद झाल्याचे कळवून हात वर केले. म्हणून आम्ही नव्या टूलचेनने प्रोग्राम बांधून बोर्डावर टाकला, तर बोर्डाने उत्तर दिले, ‘नॉट फाउंड’. फाइल डोळ्यांसमोर होती, चालवण्याची परवानगीही होती, तरी तेच उत्तर. दोन दिवसांनी उलगडा झाला की सापडत नव्हता तो आमचा प्रोग्राम नव्हे, तर प्रोग्राममध्ये ज्याचा पत्ता लिहिलेला असतो तो लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारा मदतनीस प्रोग्राम. नवी टूलचेन हार्ड-फ्लोट पद्धतीची होती आणि बोर्डावरची सगळी व्यवस्था सॉफ्ट-फ्लोटची; अपूर्णांकी संख्या हाताळण्याच्या या दोन न जुळणाऱ्या पद्धती. दोन्हींच्या लोडरची नावेच वेगळी. मग सगळेच नव्याने बांधू म्हटले, तर पडदा चालवणारी लायब्ररी चिप कंपनीची, स्रोताशिवाय, म्हणजे मूळ संहितेशिवाय, दिलेली आणि जुन्याच पद्धतीने बांधलेली. तिथे आमची वाट खुंटली.

हा प्रश्न एका गेटवेपुरता नाही. ३२-बिट यंत्रांवरील जुन्या पद्धतीची कालगणना १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते आणि त्यानंतर घड्याळ १९०१ सालच्या डिसेंबरात जाते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, यावरचा उपाय २०२०च्या ५.६ आवृत्तीपर्यंत पूर्ण झाला, तर जीलिबसीमध्ये तो २०२१च्या २.३४ आवृत्तीत आला, आणि तोही प्रत्येक प्रोग्राम योग्य पर्याय देऊन पुन्हा कंपाइल केला तरच लागू पडतो. आज बसवलेली औद्योगिक यंत्रे २०३८मध्ये चालू असतील, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. त्यांतली जी ३२-बिट यंत्रे जीलिबसी २.३४पूर्वीच्या टूलचेनने बांधली गेली, त्यांच्यासाठी कर्नल बदलूनही उपयोग नाही.

चिप कंपनीची टूलचेन वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. ती त्या चिपवर तपासलेली असते आणि स्वतः टूलचेन बांधण्याचा वेळ वाचतो. उपकरणासाठी संपूर्ण लिनक्स बांधून देणाऱ्या बिल्डरूटसारख्या प्रणालीत बाहेरची टूलचेन जोडण्याची सोय आहे ती त्यासाठीच. त्या टूलचेनमधील कर्नल हेडर्सची (कर्नलशी जुळवून घेण्यासाठीच्या व्याख्यांच्या फाइलींची) आवृत्ती तुम्ही चुकीची सांगितलीत, तर बिल्डरूट तिथल्या तिथे काम थांबवते, आणि हा काटेकोरपणा मला माणसांपेक्षा बरा वाटतो. आक्षेप आहे तो नुसती बायनरी, म्हणजे यंत्रभाषेतील तयार फाइल, हातावर ठेवण्याला. जीसीसी हा कंपायलर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतो, त्यामुळे तो देणाऱ्याकडे त्याचा स्रोत मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे. कर्नलला लागू असलेल्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तर कंपाइल करणे आणि स्थापना नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही स्रोताचाच भाग धरल्या आहेत. आमच्यासारखे लहान उद्योजक हे मागत नाहीत, कारण बोर्ड वेळेवर मिळण्याची चिंता मोठी असते. ती चूक आमचीही आहे.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यातील मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७पासून लागू होणार आहेत, आणि त्यानुसार उत्पादकाला सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे दोषदुरुस्ती द्यावी लागेल. पुण्यातून युरोपात उपकरणे पाठवणाऱ्यांना हे टाळता येणार नाही. तेव्हा महापालिका, वीज कंपन्या आणि खासगी खरेदीदारांनीही निविदेत एवढी एक अट घालावी, की उपकरणासोबत टूलचेनचा स्रोत, सी लायब्ररीची आवृत्ती आणि सर्व काही पुन्हा बांधण्याची कृती द्यावी, आणि त्या कृतीनुसार फर्मवेअर (उपकरणातील सॉफ्टवेअर) एकदा खरेदीदारासमोर कोऱ्या संगणकावर बांधून दाखवावे.

आमच्या त्या गेटवेची टूलचेन आजही एका जुन्या संगणकावर, त्या काळच्या उबुंटूवरच चालते. गेल्या पावसाळ्यात त्याची हार्ड डिस्क आवाज करू लागली, तेव्हा आम्ही तिच्या दोन प्रती काढून वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या.

आपला नम्र,
एक एम्बेडेड अभियंता, भोसरी, पुणे