स्क्रिप्ट लॅपटॉपवर नको, कोडशेजारी हवी

महोदय,

अंधेरी पूर्वेला सीप्झजवळच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं प्रोग्रॅमर आहे. मार्चमध्ये आमचे एक ज्येष्ठ सहकारी नोकरी सोडून गेले. कागदपत्रं, पासवर्ड, ग्राहकांच्या फायली, सगळं त्यांनी नीट सोपवलं. नियमाप्रमाणे लॅपटॉप परत गेला, फॉरमॅट झाला. पुढच्या शुक्रवारी आम्हाला कळलं की आमचं दर आठवड्याचं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढणं, त्या लॅपटॉपवरच्या चाळीसेक ओळींच्या शेल स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकाला ओळीनं द्यायच्या आदेशांच्या फायलीवर, चालत होतं. आवृत्तीचा क्रमांक दोन फायलींत बदलायचा, टेस्ट चालवायच्या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये त्या आवृत्तीला खुणेचा टॅग लावायचा, सर्व्हरवरचं जुनं बिल्ड (चालवायला तयार असलेलं सॉफ्टवेअर) बाजूला ठेवून नवं चढवायचं. हे सगळं हातानं करताना मी एका फायलीतला क्रमांक बदलायला विसरले. चूक सापडेपर्यंत शेवटची गाडी निघून गेली होती. मुलुंडपर्यंत रिक्षानं आले तेव्हा आई दारात उभी होती.

त्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. स्क्रिप्ट हे सोपवण्याजोगं काम आहे, असं त्यांना कुणी कधी जाणवूच दिलं नव्हतं. आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये नव्या सुविधांना रकाना आहे, सोडवलेल्या बगना आहे, पण सगळ्यांचा रोजचा अर्धा तास वाचवणाऱ्याला नाही.

१९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बदललेल्या फायली ओळखून प्रोग्रॅम पुन्हा बांधणारं साधन लिहिलं, तेही अशाच त्रासातून. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच (मशीनला चालवता येईल अशा रूपात रूपांतरितच) झाली नव्हती. ‘मेक’ फेल्डमन यांच्या स्वतःच्या मशीनपुरतं राहिलं असतं तर? ते सगळ्यांच्या हाती गेलं, आजही चालतं, आणि २००३ मध्ये त्याला एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला.

गिटच्या हुकचंही, म्हणजे गिटमध्ये ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टचंही, तेच. कोडमध्ये चुकून पासवर्ड राहिला नाही ना, हे कमिटआधी (बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी) तपासणारा हुक आमच्याकडे होता. पण हुक ‘डॉट गिट’ फोल्डरमध्ये असतात आणि क्लोन करताना, म्हणजे कोडची प्रत आपल्या मशीनवर घेताना, सोबत येत नाहीत. नव्या दोघांच्या मशीनवर तो चार महिने नव्हताच! २०१६ च्या २.९ आवृत्तीपासून ‘कोअर डॉट हुक्सपाथ’ ही सेटिंग वापरून गिटला हुकसाठी रिपॉझिटरीतल्या (सगळ्यांच्या सामायिक कोडसाठ्यातल्या) फोल्डरकडे वळवता येतं. प्रत्येकाला आपल्या मशीनवर ते एकदा सेट करावं लागतं, इतकंच.

स्क्रिप्ट चार जणांनी वाचली की ती सुधारतेही. जुनी बिल्डं पुसणाऱ्या आमच्या एका स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव व्हेरिएबलमधून, म्हणजे आधी मूल्य ठरवून ठेवायच्या एका नावातून, यायचं. ते कुणी ठरवलंच नसतं, तर पुसण्याचा आदेश थेट रूटवर, म्हणजे मशीनवरच्या सगळ्यात वरच्या फोल्डरवर, चालला असता. लिहिणाऱ्याच्या मशीनवर ते नेहमीच ठरलेलं असे, म्हणून त्याला धोका दिसला नाही. दुसरीनं वाचताना पकडलं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -यू’ हा आदेश घातला. आता व्हेरिएबल नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

शहरातल्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे: कुणी नोकरी सोडताना लॅपटॉप जमा करून घेण्याआधी अर्धा दिवस या स्क्रिप्टसाठी द्या आणि मूल्यमापनात त्यांना रकाना द्या. आमच्या रिपॉझिटरीत आता ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं फोल्डर आहे. त्यात नऊ फायली आहेत, आणि नववी वसईहून येणाऱ्या, तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीनं लिहिली आहे.

एक प्रोग्रॅमर, मुलुंड (पूर्व), मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)