स्ट्रिपवरचं बारीक अक्षर वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पानावर मोठमोठ्या आजारांवर चांगले लेख येतात, पण जी औषधं लोक कुणालाही न विचारता सर्रास घेतात, म्हणजे डोकं दुखलं, कंबर धरली, अंग मोडून आलं की तोंडात टाकायच्या गोळ्या, त्यांच्याबद्दल फारसं काही वाचायला मिळत नाही. मी फार्मासिस्ट आहे, हे रोज बघते म्हणून लिहितेय.

"कुठलीही पेनकिलर द्या, सगळ्या सारख्याच" हे इतक्यांदा ऐकलंय की आता काळजीच वाटते. सारख्या नाहीत हो. एका बाजूला पॅरासिटामॉल, दुसऱ्या बाजूला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही मंडळी. पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हरवर येतं, दुसऱ्या गटातल्या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देतात आणि ॲस्पिरिन सोडलं तर बाकीच्या गोळ्या जास्त दिवस घेतल्यावर हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो. म्हणजे कुठली गोळी आपल्याला चालेल हे आपल्याला आधीपासून काय आहे त्यावर ठरतं, शेजाऱ्याला कशाने बरं वाटलं त्यावर नाही.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच स्ट्रिपवर ब्रँडचं नाव मोठ्ठं असतं आणि आत नेमकं काय आहे ते खाली मुंगीएवढ्या अक्षरात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. समजा एखाद्याला ताप आहे, तो 650 मिलिग्रॅमची तापाची गोळी दिवसातून चारदा घेतोय, म्हणजे 2600 झाले. नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी तीनदा, तिच्यातही 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे हे त्याच्या गावीही नाही, म्हणजे आणखी 1500. झाले 4100. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम, आणि या माणसाने तर दोन्ही औषधं अगदी सांगितलेल्या वेळेवर घेतलीत! त्यात पाठ दुखते म्हणून तिसरी कॉम्बिनेशनची, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली, गोळी घेतली तर विचारूच नका. एका दिवसात लगेच काही होईल असं नाही, पण हेच चार-पाच दिवस चाललं, त्यात माणूस नीट जेवत नाहीये, वजन कमी आहे किंवा रोजची दारू आहे, तर लिव्हरला ते झेपत नाही.

होतं काय की पॅरासिटामॉल पचवताना लिव्हरमध्ये थोडा विषारी पदार्थ तयार होतो, नेहमीच्या डोसला लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याचा लगेच निकाल लावतं, पण डोस वाढला की तो साठा संपतो आणि मग लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या दिवशी कळत नाही, थोडी मळमळ किंवा तेवढंही नाही, लिव्हर बिघडल्याची लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण एकदम जास्त गोळ्या गेल्या असतील तर तो पहिल्या 8 तासांत मिळाला तर सगळ्यात चांगलं काम करतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं कळलं की बरं वाटतंय म्हणून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

दुसऱ्या गटाबद्दल लोकांची एक पक्की समजूत, जेवून घेतली की पोट सेफ. जळजळ कमी होत असेल, पण या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होणं थांबवतात, तो थांबला की दुखणं आणि सूज उतरते, पण पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षणही हाच पदार्थ करतो. हे रक्तातून होतं, त्यामुळे जेवलात काय, इंजेक्शन घेतलंत काय, अल्सरचा धोका राहतोच. किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाही याच पदार्थावर अवलंबून असतो, म्हणून जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या औषधांनी किडनी एकदम बसू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, प्रेग्नन्सी असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांना हातच लावू नका. हार्टसाठी कमी डोसचं ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेन घेताना विचारावं, कारण ते ॲस्पिरिनच्या कामात आड येऊ शकतं.

लहान मुलांचं तर मला वेगळंच टेन्शन येतं. बऱ्याच ब्रँडच्या पॅरासिटामॉल ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं आणि सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 250. कुणी सिरप समजून ड्रॉप्सच 5 मिली पाजले तर 120 च्या जागी 500 गेले! मुलांचा डोस वजनावर असतो, बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्या, घरातल्या चमच्याने नको. आणि ताप आलेल्या मुलाला मनाने ॲस्पिरिन कधीच नाही, त्याने राय सिंड्रोम होऊ शकतो, क्वचित होतो पण मेंदू आणि लिव्हरवर जातो.

डोकेदुखीवाल्यांना एक सांगते, साधी पेनकिलर महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस असं तीनेक महिने चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, मग परत गोळी, परत दुखणं. कॉम्बिनेशनच्या गोळ्यांना तर 10 दिवसही पुरतात. अशांनी गोळी बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं.

माझी विनंती एवढीच की आपण या विषयाला नियमित जागा द्यावी, आणि औषधाचं मूळ नाव ब्रँडइतकंच मोठं आणि प्रत्येक गोळीच्या मागे छापावं ही मागणी लावून धरावी. आत्ता कसं होतं, गोळ्या कापून घेतल्या की नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा भलतीकडेच राहतो आणि हातात नुसत्या पांढऱ्या गोळ्या. तोवर वाचकांनी काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, लघवी अचानक कमी होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता दवाखान्यात जावं आणि जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप सोबत न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा, कारण काय घेतलं, किती घेतलं आणि कधी, हेच तिथे आधी विचारतात.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक