टॅक्सी न केल्याबद्दल

बँकॉक, शुक्रवार रात्र

चि. बाळ्या यास अनेक आशीर्वाद.

तू फोनवर तीनदा बजावलंस, "आई, टॅक्सीनेच फिरा," आणि मी तीनदा "बरं" म्हणाले. त्यानंतर आम्ही एकदाही टॅक्सीत बसलो नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू तिथूनच आकांडतांडव केलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

आपल्या हॉटेलजवळच्या स्टेशनचं नाव 'नाना'. बाबांना तिथेच धीर आला. "परक्या मुलखात आपला एक नाना तरी भेटला," म्हणाले. (संध्याकाळनंतर खालच्या गल्लीत काय चालतं ते आम्ही पाहिलं. हॉटेल तू निवडलंस, तेव्हा त्याबद्दल घरी आल्यावर बोलू.)

ही बीटीएस म्हणजे सुखुम्वित रस्त्याच्या डोक्यावरून खांबांवर धावणारी गाडी, १९९९ पासूनची. खाली रस्त्यावर मोटारी तासन् तास तुंबलेल्या असतात. वर आपण थंडगार डब्यात बसून लोकांच्या गच्चीवरची वाळत घातलेली कापडं बघत जातो. थंडी मात्र विचारू नकोस. शाल पिशवीत असू दे म्हणाले होते, तेव्हा तू हसला होतास ना?

तिकिटाची गंमत अशी की जुन्या यंत्रांना नाणीच लागतात. नोट घेऊन खिडकीशी जायचं, सुटे घ्यायचे आणि परत यंत्रापाशी यायचं. एका फेरीचं पत्त्यासारखं कार्ड मिळतं. आत जाताना ते टेकवायचं आणि बाहेर पडताना फटीत घालायचं, म्हणजे यंत्र ते गिळून टाकतं. पहिल्या दिवशी बाहेर पडताना मी ते टेकवतच राहिले, मागे रांग लागली. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट दाखवून दोन रॅबिट कार्डं घेतली, पैसे भरून पुन्हा पुन्हा वापरायची. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, नाहीतर बाबांनी एकातच भागवलं असतं.

आता आमची फजिती ऐक. नदीवर जायचं होतं. सयाम स्टेशनला गाडी बदलायची, समोरच्याच फलाटावर दुसरी उभी असते, एवढं मी वाचून ठेवलं होतं. उतरलो, समोरच्या गाडीत चढलो. एका स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच, सगळे उतरले. सयामला फलाटाचे दोन मजले आहेत, आणि नानाकडून येणाऱ्याने नदीकडे जायला एक मजला खाली उतरायचं असतं, हे आम्हाला तिथे कळलं. बाबा गुडघे धरून बाकावर बसले. मी पाटी वाचत होते, 'नॅशनल स्टेडियम', आणि तेवढ्यात कर्ण्यावर त्याचं थाई नाव आलं : 'सनाम कीला हँग चाट'.

कीला! पालीत क्रीडेला कीळा म्हणतात. आणि ते 'चाट' म्हणजे आपली जाति, इथे राष्ट्र या अर्थाने. अरे, बत्तीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलं, आणि इथे बाई चुकलेल्या स्टेशनावर उभी राहून एकटीच हसते आहे.

तेव्हापासून मला चाळाच लागला. ती लिपी एक अक्षर वाचता येत नाही, पण ऐकलं की उलगडतं. 'सथानी' म्हणजे आपलं स्थान. 'राच्चथेवी' ही राजदेवी. इंग्रजीत ज्याला व्हिक्टरी मॉन्युमेंट लिहिलंय त्याचं नाव कर्ण्यावर 'अनुसावरी चाय समोरफूम' येतं. जय आणि समरभूमी! आता प्रत्येक स्टेशन आलं की बाबा कोपर मारतात, "याचं काय?" निम्म्या वेळा मला येत नाही. मग मी खिडकीबाहेर बघते.

त्या चुकलेल्या दिवशी नॅशनल स्टेडियमहूनच उलट जाणारी गाडी घेतली, ती बदलावी न लागता सफान ताकसिनला नेते. उतरलं की खालीच धक्का. नारिंगी निशाणाच्या नावेतून अरुणाच्या देवळाला, वाट अरुणला गेलो. चित लोम स्टेशनजवळ ब्रह्मदेवाचं छोटं देऊळ आहे, १९५६ सालचं, नाव एरावण, म्हणजे ऐरावत. सयामपासून तिथवर गाडीच्या खालून पुलावरूनच चालत जाता येतं, रस्त्याला पाय लागत नाही. आपल्याकडे ब्रह्मदेवाला देऊळ शोधावं लागतं, इथे ऐन बाजारात त्याला हारांचे ढीग.

एकच तक्रार. सरकते जिने वर जायला आहेत, उतरायला सगळीकडे नाहीत. म्हणजे बाबांच्या गुडघ्यांच्या नेमकं उलट.

आणि काल संध्याकाळी सहाला सयामला अचानक सगळी गर्दी जागच्या जागी थबकली. मला वाटलं काही अपघात झाला. बाबा चारपाच पावलं तसेच पुढे गेले, मग त्यांनाही उमगलं, राष्ट्रगीत चालू होतं. भर रहदारीत हातात पिशव्या घेतलेली माणसं पुतळ्यांसारखी, आणि मध्येच एक पाय पुढे टाकून तुझे बाबा. गीत संपलं तसा लोंढा पुन्हा वाहू लागला.

उद्या शनिवार, मो चितला उतरून चतुचकच्या बाजारात जाणार आहोत. रविवारी परतीचं विमान. फया थाय स्टेशनहून विमानतळापर्यंत सरळ गाडी जाते, तीही खांबांवरून, आणि विमानतळाचं नाव सुवर्णभूमी आहे. तेव्हा टॅक्सी सांगून ठेवली असशील तर रद्द कर.

तुझी,
आई