थँक्सगिव्हिंग म्हणजे ‘अमेरिकेची दिवाळी’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर आला की आपल्याकडच्या पुरवण्यांतून अमेरिकेतल्या ‘थँक्सगिव्हिंग’ या आभार मानण्याच्या सणाची ओळख ‘तिकडची दिवाळी’ अशी करून दिली जाते आणि निम्मी जागा ‘ब्लॅक फ्रायडे’च्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या खरेदीच्या, सवलतींना जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हा सण म्हणजे मूलनिवासींच्या कत्तलीचा जल्लोष असल्याचे संदेश फिरतात. हे दोन्ही अर्धवट आहे, म्हणून हे पत्र.

१६२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील प्लिमथच्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी सुगीनंतर मेजवानी केली. त्यांच्यापैकीच एडवर्ड विन्स्लो याच्या त्या वेळच्या पत्रानुसार, तिथल्या वाम्पानोआग या मूलनिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह तेथे आला, त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस खाणेपिणे चालले. एवढे चित्र सगळेच रंगवतात. पण हे प्लिमथ वसले होते ते वाम्पानोआगांच्याच पटक्सेट या गावाच्या जागेवर, जे अवघ्या काही वर्षांपूर्वी साथीच्या रोगाने ओस पडले होते. आणि याच मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम पुढे १६७६ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या युद्धात मारला गेला. दुसरीकडे, आजची राष्ट्रीय सुटी कोणत्याही कत्तलीतून आलेली नाही. सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी हा दिवस जाहीर केला. त्या घोषणेत प्लिमथचे नावसुद्धा नाही. मूलनिवासी मात्र १९७० पासून याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. त्या वर्षी वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला आधी भाषणाचे निमंत्रण दिले गेले आणि मजकूर पाहिल्यावर तेच भाषण करू देण्यास नकार मिळाला, ही त्यामागची हकिकत आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे चटकन कळावे. १७ सप्टेंबरला, म्हणजे निजामाच्या राजवटीतून सुटल्याच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सकाळी आमच्या शाळेच्या पटांगणावर झेंडावंदन होते, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले शिक्षक विचारतात, की महिन्यापूर्वीच तर झाले, मग पुन्हा कशाला? कोणी त्यांना १९४८ ची चार-पाच दिवसांची पोलीस कारवाई सांगतो, कोणी सगळे हिंदू-मुसलमानांवर नेऊन ठेवतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली गावोगाव लढलेली, तुरुंगात गेलेली माणसे दोन्हींत दिसत नाहीत, आणि ऐकताना आम्हाला वाईट वाटते. मग दुसऱ्यांच्या सणाबद्दल लिहिताना आपणच तसे का करावे?

माझी विनंती एवढीच, की येत्या नोव्हेंबरात या सणावर मजकूर द्याल तेव्हा लिंकन यांच्या घोषणेतला उतारा आणि १९७० च्या त्या नाकारलेल्या भाषणाचा अनुवाद, दोन्ही एकाच पानावर छापावेत. सवलतींची जाहिरात दुसऱ्या पानावर गेली तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
औसा, जि. लातूर