सोनामुखीचे काम जिवाणू करतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

औषधी वनस्पतींवरच्या मजकुरात एक वाक्य हमखास भेटते : ‘या वनस्पतीत अमुक द्रव्य आहे, म्हणून ती तमुक विकारावर गुणकारी.’ आमची तक्रार त्यातल्या ‘म्हणून’बद्दल आहे. तोंडावाटे घेतलेले वनस्पतीतले द्रव्य पुष्कळदा मूळ रूपात रक्तात उतरतच नाही. त्याची गाठ आधी मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंशी पडते. तिथे ग्रॅमभर ऐवजात शंभर अब्जांच्या घरात जिवाणू असतात आणि ते त्या द्रव्याची मोडतोड करतात.

सोनामुखीचेच बघा. तिच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड असतात. या रेणूचे दोन भाग एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येक भागाला ग्लुकोजचा एकेक रेणू चिकटलेला असतो. ही साखर तोडणारा पाचकरस माणसाकडे नाही आणि साखरेसकट एवढा मोठा रेणू लहान आतड्याच्या भिंतीतून फारसा शोषला जात नाही. तो जवळजवळ जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू बीटा-ग्लुकोसिडेज या एन्झाइमने साखर काढतात, दोन भागांमधला सांधा सोडवतात आणि रीन-अँथ्रोन तयार होते. पोट साफ करते ते हे द्रव्य. सोनामुखी रात्री घेतल्यावर परिणाम सहा ते बारा तासांनी दिसतो, तो या प्रवासामुळे. तीन तास वाट पाहून ‘लागू पडली नाही’ म्हणत दुसरी मात्रा घेणाऱ्याला पहाटे दोन्ही मात्रांचा मुरडा एकदम भोगावा लागतो. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना किंवा नुकताच संपला असताना हेच औषध फिके पडू शकते, कारण साखर तोडणारे हात कमी झालेले असतात. अशा वेळी मात्रा वाढवत जाणे धोक्याचे आहे : जुलाबांवाटे पोटॅशियम जाते.

कोरफडीतल्या बार्बालॉइन या रेचक द्रव्याची साखर तर कार्बनला कार्बनने जोडलेली, म्हणजे तोडायला आणखी कठीण. ते काम करणाऱ्या युबॅक्टेरियमच्या एका वाणाची जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात वस्ती केली तेव्हा त्यांना बार्बालॉइनने जुलाब झाले. जिवाणू नसलेल्या उंदरांना झाले नाहीत. इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

ज्येष्ठमधाकडे मात्र अधिक गांभीर्याने पाहायला हवे. त्यातल्या ग्लिसरायझिनवरचे ग्लुकुरॉनिक आम्लाचे दोन घटक जिवाणू काढून टाकतात आणि उरलेले ग्लिसरेटिनिक आम्ल रक्तात जाते. मूत्रपिंडात कॉर्टिसोलला निष्क्रिय करणारे एक एन्झाइम असते, त्याला हे आम्ल अडवते. मग शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. युरोपात ग्लिसरायझिनची रोजची सुचवलेली कमाल मर्यादा 100 मिलिग्रॅम आहे. ज्यांचे आतडे संथ चालते, त्यांच्या शरीरात हे आम्ल जास्त वेळ टिकते. म्हणून ‘नैसर्गिक आहे, कितीही चालेल’ असे छापणे गैर आहे, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी तर घातक.

जिवाणू नेहमी औषध जागेच करतात असेही नाही. डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध एगर्थेला लेंटा हा जिवाणू निष्क्रिय करतो. साधारण दहातल्या एका रुग्णात हे लक्षणीय प्रमाणात घडते. या जिवाणूच्या सगळ्याच वाणांना ते जमत नाही. त्यासाठी लागणारी जनुके 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ओळखली गेली. अशा रुग्णाला अँटिबायोटिक दिले तर डिगॉक्सिनची रक्तातली पातळी वाढू शकते, आणि या औषधात उपयोगी व विषारी पातळीतले अंतर फार थोडे असते. सोयाबीनमधल्या डाइडझीनपासून इक्वॉल हे इस्ट्रोजेनसारखे काम करणारे द्रव्य बनवणारे जिवाणूही सर्वांकडे नसतात : पाश्चात्त्य देशांत साधारण 25 ते 30 टक्के प्रौढांकडे, पूर्व आशियात 50 ते 60 टक्क्यांकडे. इक्वॉल बनवू शकणारे आणि न शकणारे अशा दोन गटांची सरासरी काढून ‘परिणाम किरकोळ’ असा निष्कर्ष काढला, तर तो कोणत्याच गटाला लागू होत नाही.

आता प्रयोगांविषयी. वनस्पतीचा अर्क थेट काचेच्या बशीतल्या पेशींवर ओतून काढलेला निष्कर्ष तोंडावाटे घेतलेल्या औषधाला लावता येत नाही. आधी तो अर्क ताज्या मलाच्या (त्यात आतड्यातले जिवाणू असतात) 10 टक्के द्रावणात, ऑक्सिजनविरहित वातावरणात, 37 अंश सेल्सियसला 24 ते 48 तास ठेवून मधल्या वेळचे नमुने तपासावे लागतात. द्रावणात रिझाझुरिन हे ऑक्सिजन दाखवणारे रंगद्रव्य घातलेले असते. ते गुलाबी दिसले की ऑक्सिजन शिरला असे समजावे आणि तो प्रयोग टाकून द्यावा, कारण यातले अनेक जिवाणू हवेत मरतात. शेजारी 121 अंशांवर निर्जंतुक केलेल्या मलाचा दुसरा संच हवाच. हळदीतले कर्क्युमिन साध्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), 37 अंशांवर आणि 7.2 सामूला, एकही जिवाणू नसताना अर्ध्या तासात सुमारे 90 टक्के विघटित होते. दुसरा संच नसेल तर त्याचे श्रेय जिवाणूंना फुकट मिळते. शिवाय काही द्रव्ये मलातल्या कणांना नुसती चिकटतात आणि नाहीशी झाल्यासारखी वाटतात. म्हणून मूळ द्रव्य किती घटले एवढ्यावर न थांबता नवे काय तयार झाले, तेही मोजलेले असावे.

अशी बातमी छापण्याआधी आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना तीन गोष्टी विचाराव्यात : प्रयोग माणसांवर तोंडावाटे झाला का, रक्तात नेमके कोणते द्रव्य सापडले, आणि अलीकडे अँटिबायोटिक घेतलेल्यांना वगळले होते का. सोनामुखी किंवा ज्येष्ठमधावर पुन्हा मजकूर येईल तेव्हा सोबत ही चौकटही द्यावी, ही विनंती : ‘सोनामुखीची मात्रा घेतल्यावर बारा तासांच्या आत दुसरी घेऊ नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्येष्ठमध रोज घेऊ नये.’

आपले,
औषधी वनस्पती व सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अभ्यासक