हॉलवरच्या प्रोजेक्टरवाल्या दादांचे मनापासून आभार

दादा नमस्कार, त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तुम्ही वायरी आवरत होतात आणि मला लोकांनी गराडा घातला, नीट बोलताच आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझं बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर लेक्चर, फोटो भरपूर आणि नोट्स त्याहून जास्त. हॉलचा प्रोजेक्टर जुन्या व्हीजीए जोडणीचा, माझ्या लॅपटॉपला फक्त नवी एचडीएमआय जोडणी, तुम्ही काही न बोलता पिशवीतून कन्व्हर्टर काढून लावलात. तेवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण तुम्ही विचारलंत, ताई नोट्स कुठून वाचणार? आजवर सगळीकडे मला डुप्लिकेटच लावून मिळालंय, म्हणजे भिंतीवर जे तेच माझ्यासमोर, नोट्स हातातल्या कागदावर, आणि दिवे बंद झाले की तो कागद दिसणार कसा!

मग तुम्ही विंडोज आणि पी एकत्र दाबायला लावलंत, एक्स्टेंड निवडलं, म्हणजे भिंतीवर एक आणि माझ्यासमोर दुसरं दिसू शकतं, पॉवरपॉइंटच्या स्लाइड शो टॅबमध्ये मॉनिटर म्हणून प्रोजेक्टर, प्रेझेंटर व्ह्यूला (बोलणाऱ्यासाठीची वेगळी स्क्रीन) टिक आणि शो सुरू करायला एफ५. भिंतीवर साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर, आणि माझ्या स्क्रीनवर तीच स्लाइड, शेजारी पुढची, तिच्याखाली नोट्स, वर वेळ. नोट्सचं अक्षरही मोठं करून दिलंत. शके १६४१ ते १६४६ हे बांधकामाचे आकडे समोर ठळक, कागद चाळायची गरजच नाही. वर-खाली काळे पट्टे दिसत होते कारण स्लाइड्स रुंद, १६:९ मापाच्या आणि प्रोजेक्टर ४:३ मापाचा, ते राहू द्या म्हणालात, ताणून बसवलं तर कमानी उभट दिसतील. किती बरोबर! बारवेची कमानच बिघडली तर मग दाखवायचं काय?

आणि हे सगळं करताना कीबोर्डला तुम्ही हात लावला नाहीत, प्रत्येक वेळी "तुम्हीच दाबा". लोक खुर्च्यांवर येऊन बसत होते तरी घाई नाही. नोट्स चुकून भिंतीवर गेल्या तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्वॅप करायचं, मध्येच स्क्रीन काळी हवी तर कीबोर्डवरचं इंग्रजी बी दाबायचं, हेही तेव्हाच सांगितलंत. ते बी लगेच कामाला आलं, मागच्या रांगेतले एक आजोबा उठून त्यांच्या शेतातल्या बुजलेल्या बारवेबद्दल बोलायला लागले, मी बी दाबलं आणि सगळा हॉल त्यांच्याकडे वळून ऐकत राहिला. माझ्यासाठी त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

ऑल्ट एफ५ पण लक्षात आहे, घरी दुसरी स्क्रीन नसताना त्यानेच प्रेझेंटर व्ह्यू उघडून सराव करते.

पुढचं लेक्चर दिवाळीनंतर, तुमच्याच हॉलवर ठेवा असं आयोजकांना सांगितलंय. कन्व्हर्टर मी स्वतःचा घेतलाय, जोडणीही मीच करीन, तुम्ही पुढच्या रांगेत बसून निवांत ऐका, मागच्या वेळी पूर्ण वेळ प्रोजेक्टरपाशी उभेच होतात.