वहीतली भाषा आणि तो ‘न’

प्रिय पक्या,

किती दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, रागावू नकोस. आईचा गुडघा तसाच, बाकी सगळे ठीक. विषय वेगळाच आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला कळायचा नाही.

हॉस्टेलमध्ये आपण दोघांनी रचलेली भाषा, तिची ती वही पुतणीच्या हाती लागलीय आणि पोरगी अक्षरशः वेडी झालीय, रोज नवे शब्द पाडते, आणि छान पाडते रे! पण तिला विभक्ती नकोत. म्हणते आधी कर्ता, मग कर्म, विषय संपला, प्रत्यय कशाला? डिट्टो तुझं वाक्य! याच्यावरूनच मेसच्या पायरीवर आपली जुंपली होती आणि तू माझी चप्पल गच्चीवर फेकली होतीस.

मी तिला एस्परांतो दाखवली. तीही आपल्यासारखीच रचलेली भाषा, झामेनहॉफने 1887 मध्ये मांडलेली, नाम ‘ओ’वर संपतं, अनेकवचनाला ‘य’, कर्माला ‘न’. ‘ला हुंदो मोर्दास ला वीरोन’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो, आणि ‘ला वीरोन मोर्दास ला हुंदो’ असं फिरवलं तरी चावतो कुत्राच. त्या एवढ्याशा ‘न’वर मी आजही जीव टाकतो, कविता करायला मोकळीक मिळते ना. तर ही लगेच इदो घेऊन आली, एस्परांतोच सुधारून 1907 मध्ये काढलेली भाषा. तिथे कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच ‘न’, एरवी नाही. विशेषणांनाही नामाबरोबर ‘य’ आणि ‘न’ लावत बसायचं नाही. विशेषणांचं जाऊ दे, ते मी सोडतो. पण नामाचा ‘न’ गेला तर आपली ती पावसाची ओळ, जिच्यात कर्म सगळ्यात आधी येतं, तिचा अर्थच उलटा होईल.

झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. व्होलाप्युक ही एस्परांतोच्याही आधीची रचलेली भाषा, तिच्या कर्त्याने, श्लायरने, शेवटचा शब्द माझाच म्हणून हट्ट धरला, 1889 च्या पॅरिस काँग्रेसनंतर सगळी चळवळ फुटली. मी अडून बसलो आणि पोरीने वहीच मिटून ठेवली तर? आणि नाही बसलो तर त्यात आपलं काय उरेल?

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिंटूची दहावी ना यंदा?

रविवारी फोन कर, तिच्याशी तूच बोल. इदोसारखा मधला मार्ग निघाला तरी मला चालेल, पावसाची ओळ तेवढी वाचव.

तुझा,
बाळ्या